स्ट्रायकर जाणार की राहणार? ट्रान्सफरची बातमी तपासायची कशी आणि मग वाद घालायचा कसा

२०२५ च्या उन्हाळ्यात स्ट्रायकर अलेक्झांडर इसाक न्यूकॅसल हा इंग्लिश फुटबॉल क्लब सोडणार की नाही, यावर जुलैपासून १ सप्टेंबरच्या रात्रीपर्यंत वाद रंगला. शेवटी तो साडेबारा कोटी पाउंडांना लिव्हरपूलला गेला. ब्रिटिश क्लबने एका खेळाडूसाठी मोजलेली ती तोवरची सर्वांत मोठी रक्कम. मधल्या काळात 'झालंच समजा' आणि 'शक्यच नाही' या दोन्ही बातम्या आलटूनपालटून येत राहिल्या, आणि प्रत्येक बातमीबरोबर मत बदलणाऱ्या चाहत्याची फरफट झाली.

खेळाडूच्या मनात काय आहे हे कळायला आपल्याकडे मार्ग नाही. त्याच्या कराराची मुदत, क्लबची आर्थिक बाजू, संघातली रिकामी जागा आणि ट्रान्सफर विंडोची (खेळाडू घेण्या-विकण्याच्या ठरलेल्या मुदतीची) तारीख या गोष्टी मात्र बऱ्याच अंशी उघड असतात, आणि व्यवहार त्यांच्यावरच ठरतो. म्हणून तपासणी तिथून सुरू करा. बातमी कुणी दिली, हा प्रश्न त्यानंतर.

करार कधी संपतो, हे आधी बघा

खेळाडू क्लबमध्ये आला किंवा त्याने करार वाढवला तेव्हा क्लबने केलेली घोषणा शोधा. बहुतेक वेळा त्यात मुदत लिहिलेली असते. ट्रान्सफरमार्क्ट या संकेतस्थळावरही कराराची तारीख मिळते आणि ती कामाला येते. तिथली 'मार्केट व्हॅल्यू' मात्र सदस्यांच्या चर्चेतून ठरलेला अंदाज असतो. तो आकडा विक्रीची किंमत म्हणून वादात वापरू नका.

उरलेल्या वर्षांवरून पारडं कुठे झुकतं ते कळतं. तीन किंवा अधिक वर्षं उरली असतील तर विकणारा क्लब खुशाल नाही म्हणू शकतो. दोन वर्षं उरली की करार वाढवायचा की विकायचा, हे ठरवायची वेळ येते. एकच वर्ष उरलं तर पुढच्या उन्हाळ्यात खेळाडू फुकट जाण्याची भीती असते. शेवटचे सहा महिने उरले की फिफाच्या नियमाप्रमाणे खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार, म्हणजे प्री-काँट्रॅक्ट, करायला मोकळा होतो. त्याआधी मात्र इच्छुक क्लबने त्याच्या सध्याच्या क्लबला लेखी कळवल्याशिवाय खेळाडूशी बोलणी करायची नाहीत, असा नियम आहे. इंग्लंडमधल्या इंग्लंडमध्ये क्लब बदलताना ही सहा महिन्यांची सवलत तशीच लागू होत नाही. जानेवारीत 'अमक्याने प्री-काँट्रॅक्ट केला' अशी बातमी दोन इंग्लिश क्लबांबद्दल असेल तर तिथेच थांबा.

हॅरी केनची दोन वर्षं शेजारी ठेवली की मुद्दा स्पष्ट होतो. २०२१ मध्ये त्याला मँचेस्टर सिटीत जायचं होतं, पण टॉटनहॅमशी त्याचा करार २०२४ पर्यंत होता. क्लब हटला नाही आणि ऑगस्टच्या अखेरीस केननेच राहत असल्याचं जाहीर केलं. २०२३ मध्ये खेळाडू तोच आणि क्लबही तोच, पण करार एका वर्षावर आला होता. तो सुमारे १० कोटी युरोंना बायर्नला गेला, वयाची तिशी ओलांडल्यावर. दोन वर्षांत बदलला तो मुख्यतः करारातला काळ.

इसाकचा करार २०२८ पर्यंत होता, म्हणजे तीन वर्षं शिल्लक. म्हणूनच १ ऑगस्टला लिव्हरपूलचा ११ कोटी पाउंडांचा प्रस्ताव न्यूकॅसल परत पाठवू शकलं. तीन वर्षं शिल्लक असलेल्या स्ट्रायकरबद्दल खरा प्रश्न 'कोणत्या किमतीला आणि बदली कोण मिळाल्यावर?' हा असतो. खेळाडूची इच्छा त्यानंतर येते.

ऑप्शन असलेल्या कराराकडे विशेष लक्ष द्या. 'एक वर्ष वाढीव' असं लिहिलं असेल तर ते वाढवायचा हक्क कुणाचा, क्लबचा की खेळाडूचा? एम्बापेच्या २०२२ च्या करारात तो हक्क खेळाडूकडे होता. जून २०२३ मध्ये त्याने पॅरिसच्या पीएसजी क्लबला पत्राने कळवलं की तो हा हक्क वापरणार नाही. जुलैत सौदी क्लब अल हिलालने ३० कोटी युरोंचा प्रस्ताव दिला, पीएसजीने बोलणी करायला परवानगीही दिली, पण एम्बापे भेटलाच नाही. जून २०२४ मध्ये तो एक युरोही ट्रान्सफर फी न मोजता रेआल माद्रिदचा झाला. क्लबांमध्ये रक्कम ठरली म्हणजे व्यवहार झाला, असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण हाताशी ठेवावं.

रिलीज क्लॉजचा गोंधळ

क्लॉजवरून, म्हणजे ठरलेली रक्कम भरली की खेळाडूला सुटता येतं अशा करारातल्या कलमावरून, सर्वाधिक भांडणं होतात, कारण प्रत्येक देशात त्याचा अर्थ वेगळा आहे. स्पेनमध्ये १९८५ च्या शाही आदेशाने खेळाडूला भरपाई देऊन करार मोडायचा हक्क दिला, त्यामुळे तिथल्या करारांत क्लॉज जवळपास ठरलेलाच असतो. रक्कम भरली की क्लबच्या संमतीचा प्रश्न उरत नाही. २०१७ मध्ये नेमारसाठी २२ कोटी २० लाख युरो असेच भरले गेले. ला लिगाने ती रक्कम स्वीकारायला नकार दिला, तेव्हा थेट बार्सिलोनाकडे भरली गेली.

इतर देशांत क्लॉज हा वाटाघाटीतून आलेला असतो, आणि त्याला बहुधा अटी असतात: अमुक तारखेपर्यंतच, परदेशी क्लबलाच, काही वेळा पूर्ण रक्कम एकरकमी. हालांडला मँचेस्टर सिटीने २०२२ मध्ये डॉर्टमुंडकडून ६ कोटी युरोंच्या क्लॉजवर नेलं. त्या दर्जाच्या स्ट्रायकरसाठी ही रक्कम फारच कमी होती, आणि तिचं कारण करारातला तो क्लॉज. उलट ग्योकेरेसचा स्पोर्टिंगकडचा क्लॉज १० कोटी युरोंचा होता, पण जुलै २०२५ मध्ये आर्सेनलने त्याला ६ कोटी ३५ लाख आणि अटींवरचे आणखी १ कोटी इतक्यावर घेतलं. क्लॉज म्हणजे ज्या रकमेला विकणारा अडवू शकत नाही ती रक्कम. त्याहून कमीत विकायला त्याला कुणी मनाई केलेली नसते.

पैसा: आकडा वाचायचा कसा

एकाच व्यवहाराचे तीन आकडे फिरत असतील तर तिन्ही खरे असू शकतात. २०२२ मध्ये डार्विन नुन्येझ लिव्हरपूलला गेला तेव्हा बेनफिकाने शेअर बाजार नियामकाला कळवलं: ७.५ कोटी युरो निश्चित, आणि २.५ कोटींपर्यंत ॲड-ऑन्स (अटी पूर्ण झाल्या तरच द्यायची रक्कम). मग कुणी साडेसात म्हणतो, कुणी दहा, आणि पाउंडांत सांगणारा तिसराच आकडा आणतो. रकमेवरून वाद घालण्याआधी चलन कोणतं, आणि आकडा निश्चित भागाचा की कमाल, एवढं विचारा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

दुसरी गोष्ट हिशेबाची. विकत घेतलेल्या खेळाडूची फी क्लबच्या खात्यात कराराच्या वर्षांवर विभागली जाते. युरोपीय फुटबॉलची नियामक संस्था युएफाने २०२३ पासून ही विभागणी जास्तीत जास्त पाच वर्षांवर आणली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस प्रीमियर लीगनेही तेच केलं. इसाकचा लिव्हरपूलशी करार सहा वर्षांचा, पण साडेबारा कोटींना पाचनेच भागायचं: वर्षाला अडीच कोटी पाउंड, वर पगार. आता न्यूकॅसलची बाजू बघा. २०२२ मध्ये त्यांनी त्याला सुमारे ६ कोटी पाउंडांना, सहा वर्षांच्या करारावर घेतलं होतं. वर्षाला १ कोटी या हिशेबाने तीन वर्षांनी खात्यावर सुमारे ३ कोटी उरले. साडेबारातून तीन वजा केले की साडेनऊ कोटींच्या आसपास नफा त्याच वर्षी दिसतो. मोठ्या विक्रीचा मोह होतो तो या फरकामुळे. क्लबच्या अकादमीत घडलेल्या खेळाडूवर फीच मोजलेली नसते, म्हणून त्याची विक्री म्हणजे जवळपास पूर्ण नफा. स्टार स्ट्रायकर वाचवायला अकादमीतला मुलगा विकला जातो तो याच गणितामुळे, आणि चाहत्यांना ते जिव्हारी लागतं हेही खरं.

प्रीमियर लीगच्या २०२५-२६ हंगामापर्यंतच्या पीएसआर या नफा-तोट्याच्या नियमात तीन वर्षांत एकूण १०.५ कोटी पाउंडांपर्यंतचा तोटा चालत असे, आणि त्या हिशेबाचं वर्ष बहुतेक क्लबांसाठी ३० जूनला संपत असे. जूनच्या शेवटच्या आठवड्यात विक्रीच्या बातम्या दाट होत त्या यामुळे. न्यूकॅसलने जून २०२४ च्या अखेरीस एलियट अँडरसन आणि यांकुबा मिंटेह विकले ते याच दबावाखाली. त्या काळात 'क्लब अडचणीत आहे, स्ट्रायकर विकावाच लागेल' असं कुणी म्हणालं तर विचारायचं: ३० जूनच्या आधी की नंतर? तारीख उलटून गेली असेल तर त्या युक्तिवादातली बरीच हवा निघालेली असे.

पगाराची तुलना करताना एक चूक सर्रास होते. इंग्लंडमध्ये आठवड्याचा, कर कापण्याआधीचा आकडा छापतात. इटलीत वर्षाचा, कर कापून हातात येणारा. इटलीतून इंग्लंडला येणाऱ्या स्ट्रायकरचा '६० लाख' हा आकडा ५२ ने भागून ठेवला तर उत्तर साफ चुकतं, कारण क्लबचा खरा खर्च त्याच्या दुपटीच्या जवळ जातो. आधी करपूर्व करा, मग भागा.

साखळीतली रिकामी जागा

हा भाग सर्वांत कमी बघितला जातो आणि सर्वांत जास्त सांगतो. दोन्ही क्लबांच्या सेंटर फॉरवर्डची यादी कागदावर लिहा. घेणाऱ्याकडे जागा झाली आहे का? विकणाऱ्याकडे बदली आली आहे का?

इसाकच्या वेळी लिव्हरपूलने जुलैत एकिटिकेला घेतलं, त्यामुळे 'आता इसाक कशाला' असा सूर निघाला. पण जुलैच्या शेवटी लुईस दियाझ बायर्नला गेला आणि ऑगस्टमध्ये नुन्येझ अल हिलालला. पुढच्या फळीतल्या दोन जागा आणि पगाराचा मोठा भार मोकळा झाला. म्हणजे घेणाऱ्याची बाजू तयार होती. अडत होतं न्यूकॅसलकडे: कॅलम विल्सनचा करार संपून तो आधीच गेला होता, एकिटिके हातचा निसटला होता, आणि शेश्कोही त्यांना न मिळता मँचेस्टर युनायटेडला गेला. इसाक गेला असता तर संघात नाव घ्यावं असा स्ट्रायकर उरत नव्हता. ३० ऑगस्टला श्टुटगार्टचा निक व्होल्टेमाडे आला, १ सप्टेंबरला ब्रेंटफर्डचा योआन विसा, आणि त्याच दिवशी इसाक सुटला. १९ ऑगस्टला इसाकने क्लबने दिलेल्या वचनांबद्दल इन्स्टाग्रामवर जाहीर तक्रार केली तेव्हा चर्चा त्या निवेदनावरच फिरत राहिली, पण नजर ठेवायला हवी होती ती व्होल्टेमाडेच्या बातमीवर. स्टार स्ट्रायकरची बातमी पाळायची तर त्याच्या बदलीचीही बातमी पाळा. बदली मेडिकलला (करारापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीला) पोचला की पुढचं लवकर घडतं.

क्रियापद बघा

'नजर ठेवून आहे' म्हणजे काहीही नाही. प्रत्येक मोठा क्लब डझनावारी स्ट्रायकरांवर नजर ठेवतो. 'विचारणा केली' म्हणजे एजंटला फोन गेला. 'बोलणी सुरू' यात कुणाशी, खेळाडूशी की क्लबशी, हे सांगितलं नसेल तर बातमी अर्धी आहे. 'पर्सनल टर्म्स ठरल्या' (म्हणजे खेळाडूचा पगार आणि अटी) हे ऐकायला मोठं वाटतं, पण ते बहुधा खेळाडूच्या बाजूने बाहेर येतं आणि विकणाऱ्या क्लबवर दबाव आणण्यासाठी येतं. खरं वजन 'लेखी प्रस्ताव दिला' या शब्दांपासून सुरू होतं. रक्कम आणि 'फेटाळला' हे दोन्ही असेल तर आणखी बरं, कारण मग दोन क्लबांपैकी कुणीतरी दुजोरा दिलेला असण्याची शक्यता असते.

मॅनेजरने पत्रकार परिषदेत 'तो आमचा खेळाडू आहे' म्हटलं तर तो नकार नव्हे. ते फक्त त्या दिवसापुरतं खरं विधान आहे. 'तो या विंडोत जाणार नाही' असं स्पष्ट, मुदतीसह वाक्य असेल तरच ते नकार म्हणून धरा.

भाषांतरातही क्रियापद चढतं. स्पॅनिश मथळ्यातलं 'गुस्ता' म्हणजे 'पसंत आहे', ते इंग्रजीत 'हवा आहे' होतं आणि मराठीत येईपर्यंत 'घेणार'. इटालियन 'सोंदाज्जो' म्हणजे नुसती चाचपणी. मूळ बातमी उघडून भाषांतर यंत्रातून स्वतः काढा, दोन मिनिटांचं काम आहे.

कुणी सांगितलं

शेअर बाजारात नोंद असलेला क्लब असेल तर आधी तिथली नोटीस बघा. बेनफिका, पोर्टो आणि स्पोर्टिंग पोर्तुगालच्या सीएमव्हीएमला कळवतात, गालातासराय तुर्कस्तानच्या केएपी मंचावर, आणि डॉर्टमुंड गुंतवणूकदारांसाठी निवेदन काढतो. या नोटिशीत खोटं लिहिणं क्लबला महागात पडतं, म्हणून तिला सर्वांत वरचं स्थान द्या.

त्यानंतर तो क्लब वर्षानुवर्षं कव्हर करणारे स्थानिक वार्ताहर आणि डेव्हिड ऑर्नस्टीनसारखे सावकाश, तपासून लिहिणारे पत्रकार. इटालियन पत्रकार फाब्रिझियो रोमानोचं 'हिअर वी गो' हे व्यवहार तत्त्वतः ठरल्याचं चिन्ह मानलं जातं. त्याच्या इतर दिवसभराच्या पोस्टना तेवढं वजन देऊ नका. बार्सिलोनाची दैनिकं माद्रिदच्या खेळाडूबद्दल आणि माद्रिदची बार्सिलोनाबद्दल लिहितात तेव्हा दोन पायऱ्या खाली उतरवा.

'बीबीसीने दिलंय' हे वाक्य वादात वारंवार येतं. बीबीसीचं गॉसिप सदर हे इतर वृत्तपत्रांतल्या अफवांचं संकलन आहे, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी मूळ वृत्तपत्राचं नाव दिलेलं असतं. ते नाव वाचा. तसंच पाच संकेतस्थळांवर एकच बातमी दिसली तर ते पाच दुजोरे नसतात. प्रत्येक ठिकाणी 'अमक्याच्या वृत्तानुसार' शोधत मागे जा. बहुतेक वेळा सगळ्या वाटा एकाच ठिकाणी पोचतात.

व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला स्क्रीनशॉट लिंकशिवाय पुढे पाठवू नका. खोट्या खात्यांचा फोटो आणि नाव हुबेहूब असतं, फरक हँडलमधल्या एका अक्षराचा. आणि अनफॉलो करणं, विमानतळावरचा फोटो, घर विकायला काढणं ही चिन्हं सोडून द्या. दुखापतीचं स्पष्ट कारण नसताना दौऱ्यातून किंवा सामन्यातून वगळणं हे मात्र चिन्ह आहे.

बातमीमुळे फायदा कुणाचा, हेही विचारा. करार संपत आलेल्या स्ट्रायकरच्या मागे अचानक चार क्लब लागले तर बऱ्याचदा त्याचा शेवट नव्या, वाढीव पगाराच्या करारात होतो.

रक्कम ठरल्यावरही काय बिघडतं

मेडिकल. २०१४ मध्ये लोइक रेमीचा लिव्हरपूलशी व्यवहार मेडिकलनंतर मोडला, आणि सुमारे महिन्याभराने चेल्सीने त्याला घेतलं. निकोलस जॅक्सनचा बोर्नमथशी व्यवहार जानेवारी २०२३ मध्ये असाच फिसकटला. तोच जॅक्सन ऑगस्ट २०२५ मध्ये लोनसाठी (ठरावीक काळापुरता उसना) बायर्नकडे म्युनिकला पोचला असताना चेल्सीचा लियाम डेलॅप जखमी झाला आणि चेल्सीने व्यवहार थांबवला. शेवटच्या दिवशी तो पुन्हा जुळला. विकणाऱ्या क्लबचा शेवटचा सामना व्हायचा असेल तर शंभर टक्के कधीच लिहू नका.

मग कागद. आंतरराष्ट्रीय व्यवहार फिफाच्या टीएमएस प्रणालीत दोन्ही क्लबांनी भरावा लागतो आणि तपशील जुळावे लागतात. २०१५ मध्ये दाविद दे हेआचा माद्रिदला जाण्याचा व्यवहार कागद वेळेत न पोचल्याने राहिला.

शेवटच्या रात्री भारतातून जागणाऱ्यांसाठी वेळा: १ सप्टेंबर २०२५ ला प्रीमियर लीगची विंडो तिथल्या संध्याकाळी ७ ला बंद झाली, म्हणजे आपल्याकडे रात्री ११:३०. शेवटच्या दोन तासांत क्लब 'डील शीट' देऊन व्यवहार ठरल्याचं कळवू शकतो, आणि मग उरलेले कागद भरायला दोन तास जास्त मिळतात. म्हणजे घोषणा रात्री दीडपर्यंत येऊ शकते. साडेअकराला 'संपलं' म्हणून झोपू नका. जानेवारीच्या विंडोत फरक साडेपाच तासांचा धरा.

ग्रुपवर दावा मांडायचा तर पाच ओळींत मांडा: खेळाडू आणि दोन्ही क्लब, करार कोणत्या वर्षापर्यंत, मूळ स्रोत, तारीख आणि त्यातलं क्रियापद, विकणाऱ्याकडे बदली कोण, आणि तुमचा अंदाज टक्क्यांत, कोणत्या तारखेपर्यंत. तारीख नसलेला दावा स्वीकारू नका, कारण 'कधीतरी जाणार' हे कधीच चूक ठरत नाही. नवी माहिती आली तर जुना आकडा न पुसता खाली नवा लिहा. विंडो संपल्यावर सगळ्यांचे आकडे एकत्र ठेवून बघा. एखादा पत्रकार किंवा मित्र कोणत्या क्लबबद्दल बरोबर येतो आणि कुठे सतत घसरतो, हे दोन विंडोंत दिसायला लागतं.

इंग्लंडची विंडो मिटल्यावर यादी बंद करण्याआधी बाकीच्या देशांच्या तारखा बघा. ३० ऑगस्ट २०२४ ला नापोलीचा स्ट्रायकर ओसिमेन याचा चेल्सीशी मेळ बसला नाही, सौदीच्या अल अहलीने त्याच्याऐवजी इव्हान टोनीला घेतलं, आणि ओसिमेन नापोलीतच अडकला असं वाटलं. तुर्कस्तानची विंडो अजून उघडी होती. सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात तो लोनवर गालातासरायला गेला, आणि पुढच्या उन्हाळ्यात साडेसात कोटी युरोंना त्यांचा कायमचा झाला.